मदत हवी आहे: मॅजिकमध्ये लाइफ वाढवणारे पत्ते नेमके कधी टाकायचे?

कैरीपन्हं

मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळणारं इथे कुणी आहे का? असल्यास जरा मार्गदर्शन करा.

मावसभाऊ न्यू जर्सीहून आला होता तेव्हा त्याच्या जुन्या पत्त्यांचा एक अख्खा डबा आमच्याकडे ठेवून गेला. तेव्हापासून शनिवारी रात्री जेवणं उरकली की घरात हाच उद्योग. मी पांढरा डेक लावलाय. ६० पत्ते, त्यात २४ प्लेन्स (माना देणारी लँड; माना म्हणजे पत्ते टाकायचं इंधन). ४ हीलिंग साल्व्ह, ४ चॅपलेन्स ब्लेसिंग, ३ एंजल्स मर्सी. क्रीचरमध्ये (लढणारे पत्ते) ४ सोल वॉर्डन, ३ अजानीज प्राइडमेट, २ सेरा एंजल, सवाना लायन्स आणि असेच फुटकळ सैनिक. समोर धाकटा दीर. त्याचा डेक लाल, गॉब्लिन आणि लाइटनिंग बोल्ट.

अडचण अशी की माझं लाइफ २० वरून ३१-३२ पर्यंत चढतं आणि तरी मी हरते. फक्त उशिरा हरते. हीलिंग साल्व्ह १ मानात ३ लाइफ देतं, बोल्ट १ मानात ३ डॅमेज करतो, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटायला हवा ना? मग गाडी कुठे अडते? साल्व्ह हातात आला की लगेच टाकावा की राखून ठेवावा? त्यावर दोन पर्याय लिहिलेत, एकतर ३ लाइफ मिळवा नाहीतर कशावरही होणारं पुढचं ३ डॅमेज अडवा. मी डोळे मिटून पहिलाच घेते. आणि घरात एक वाद पेटलाय: त्याच्या घावाने मी शून्यावर आले, तर "थांब, माझ्याकडे साल्व्ह आहे" म्हणता येतं का? दीर म्हणतो नाही, सासूबाई म्हणतात खेळू दे तिला.

अर्धाचहा

सगळे औषधाचे पत्ते काढा आणि तुम्हीपण गॉब्लिन घ्या. (ह. घ्या.)

भटक्या_नाशिककर

ताई, बरोबरीचा हिशेब बोल्टपुरता खरा आहे. बोल्ट एकदा पडतो आणि संपतो. त्यावर तुम्ही एक पत्ता खर्च केलात, त्यानेही एकच केला, फिटंफाट. पण गॉब्लिन एकदा उतरला की दर टर्नला मारतो. २ पॉवरचा गॉब्लिन पाच टर्न मोकळा सुटला तर १० लाइफ गेलं. त्यावर साल्व्ह टाकून तुम्ही दीड हल्ला परत मिळवला, आणि गॉब्लिन जिथल्या तिथे उभा. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार. तोच १ माना सवाना लायन्सवर घातला असता तर समोरच्याला हल्ला करण्याआधी दोनदा विचार करावा लागला असता.

म्हणून ज्या पत्त्यावर "लाइफ मिळवा" एवढंच लिहिलंय तो मुख्य डेकमध्ये शक्यतो नको. लाइफ हे दुसऱ्या कामाबरोबर आलं पाहिजे. रिव्हाइटलाइझ बघा: २ माना, ३ लाइफ आणि वर एक पत्ता ओढायला मिळतो. हात रिकामा होत नाही. किंवा हीलर्स हॉक, १ मानाचा उडणारा १/१ (पहिला आकडा मारायची ताकद, दुसरा सोसायची), लाइफलिंकसकट (जेवढं डॅमेज करेल तेवढं लाइफ तुम्हाला). जीव लहान, पण मारता मारता लाइफ देतो.

आता तुमच्या डेकमधली खरी गंमत, जी तुमच्याकडे आधीपासून आहे. प्राइडमेटवर काय लिहिलंय ते परत वाचा: तुम्ही लाइफ मिळवाल तेव्हा तेव्हा त्याच्यावर +१/+१ चा एक काउंटर (दोन्ही आकडे एकने वाढवणारी खूण). किती लाइफ मिळवलं हे तो विचारत नाही, किती *वेळा* मिळवलं ते मोजतो. एंजल्स मर्सीचे ७ लाइफ, चार माना घालून, प्राइडमेटला एकच काउंटर. सोल वॉर्डनचं १ लाइफ, तरी एकच काउंटर.

आता हे मांडून बघा. पहिल्या टर्नला वॉर्डन. दुसऱ्या टर्नला प्राइडमेट. तो उतरला म्हणून वॉर्डनने १ लाइफ दिलं, आणि तोपर्यंत प्राइडमेट टेबलावर आलेला असल्याने तो लगेच ३/३. तिसऱ्या टर्नला सोल्स अटेंडंट (वॉर्डनचीच बहीण, तेवढाच माना, तेच काम): प्राइडमेट ४/४. त्याच टर्नला हॉक: आता वॉर्डन आणि अटेंडंट दोघींनी वेगवेगळं १-१ लाइफ दिलं, प्राइडमेट ६/६. तिसऱ्याच टर्नला ६/६ चालून जातोय, शिवाय एक माना शिल्लक. या तिसऱ्या टर्नला मिळालेलं लाइफ किती? तीनच. साल्व्हनेही तीनच मिळालं असतं, पण प्राइडमेट ४/४ वर थांबला असता.

आणि वॉर्डन समोरच्याच्या क्रीचरवरसुद्धा लाइफ देते. दिरांनी मॉग वॉर मार्शल उतरवला की टोकनसकट (पत्त्याविना मिळणारा जादा गॉब्लिन) दोन गॉब्लिन येतात. तुम्हाला २ लाइफ, प्राइडमेटला २ काउंटर. गॉब्लिनवाल्यांना वॉर्डन बघून उगाच घाम फुटत नाही.

स्टॅकवाला

घरातला वाद मिटवतो. दीर बरोबर, सासूबाईंची माफी मागून.

लाइफ ० झालं की कुणालाही काही टाकायची संधी मिळण्याआधीच खेळ ते तपासतो आणि तुम्ही हरता. "थांब" म्हणायची वेळ त्याच्या आधीची. त्याने बोल्ट टाकला की तो आधी स्टॅकवर (टाकलेले पण अजून लागू न झालेले पत्ते थांबतात ती चळत) बसतो, अजून लागलेला नसतो. तिथे तुम्ही साल्व्ह टाकायचा. नंतर टाकलेला आधी लागू होतो. समजा तुम्ही ३ वर आहात: साल्व्हने ६, मग बोल्टने परत ३. जिवंत. हल्ल्यातही तसंच, ब्लॉक जाहीर झाल्यावर आणि डॅमेज लागण्याआधी एक फट असते, तेव्हा टाका. साल्व्ह इन्स्टंट (समोरच्याच्या टर्नलाही टाकता येणारा) आहे म्हणून हे जमतं. चॅपलेन्स ब्लेसिंग ५ लाइफ देतं पण सॉर्सरी आहे, ते आपल्याच टर्नला टाकावं लागतं. त्यामुळे साल्व्ह राखायचा, ब्लेसिंग राखून उपयोग नाही.

फक्त एक धोका. त्याच्या डब्यात स्कलक्रॅक आहे का बघा. २ माना, इन्स्टंट, ३ डॅमेज, आणि वर लिहिलंय की या टर्नला कुणाला लाइफ मिळणार नाही आणि डॅमेज अडवताही येणार नाही. म्हणजे साल्व्हचे दोन्ही पर्याय एका फटक्यात बाद. त्याच्याकडे दोन माना मोकळे असतील तर ऐन शेवटच्या क्षणाची वाट बघत बसू नका, त्याने आपला माना खर्च केला की लगेच उरकून घ्या.

कैरीपन्हं

बापरे, केवढं लिहिलंत, दोघांचेही आभार. "किती वेळा" हे वाचून प्राइडमेट काढून परत बघितला. तसंच आहे खरं.

मग साल्व्हमधला दुसरा पर्याय कधी? गेल्या शनिवारी दिराने माझ्या प्राइडमेटवरच बोल्ट टाकला आणि हातात साल्व्ह होता.

स्टॅकवाला

प्राइडमेट केवढा होता त्यावर आहे.

२/२ असेल तर डॅमेज अडवा. कारण लाइफ घेतलंत तर काउंटरने तो ३/३ होतो आणि ३ चा बोल्ट त्याला बरोब्बर मारतो.

३/३ असेल तर उलट, लाइफ घ्या. साल्व्ह आधी लागू होतो, तुम्हाला ३ लाइफ, त्यावर प्राइडमेटचा ट्रिगर (आपोआप सुरू होणारा परिणाम), तोही बोल्टच्या वर स्टॅकवर बसतो, प्राइडमेट ४/४, मग बोल्ट लागतो आणि प्राइडमेट उभा राहतो. काउंटर कायमचा, लाइफ वरून. अडवण्याचा पर्याय घेतला असता तर नुसता जीव वाचला असता.

ब्लॉकच्या वेळीही हाच विचार करा. तुमचा २/२ त्याच्या ३/२ ला अडवतोय, तर डॅमेज अडवून तुमचा वाचतो आणि त्याचा मरतो. अशा ठिकाणी साल्व्हने एक अख्खा गॉब्लिन खाल्ला म्हणायचं, ३ लाइफपेक्षा केव्हाही चांगलं. लाल डेकसमोर हे चालतं, कारण तिथे सगळं डॅमेजच असतं. काळा डेक डूम ब्लेडसारखं काही टाकून क्रीचर सरळ नष्ट करतो, तिथे साल्व्ह काही कामाचा नाही.

चष्मिष_चिंतोपंत

थोडं अवांतर. साल्व्ह दुबळा वाटतो तो आजचा नाही, जन्मापासूनचा आहे. १९९३ च्या पहिल्या संचात खेळाचा जनक रिचर्ड गारफिल्डने पाच रंगांना "१ माना, ३ काहीतरी" असा एकेक पत्ता दिला. निळ्याला तीन पत्ते (अॅन्सेस्ट्रल रिकॉल), काळ्याला तीन माना (डार्क रिच्युअल), लालला तीन डॅमेज (बोल्ट), हिरव्याला +३/+३ (जायंट ग्रोथ), पांढऱ्याला साल्व्ह. कागदावर समान वाटप. प्रत्यक्षात रिकॉल हा खेळातल्या सर्वांत ताकदवान पत्त्यांपैकी एक ठरला आणि साल्व्ह डब्याच्या तळाशी गेला. पांढऱ्यावाल्यांचं दुःख जुनं आहे.

पुढे २००५ मध्ये लाइटनिंग हेलिक्स आला, एक लाल एक पांढरा माना, ३ डॅमेज आणि ३ लाइफ. बोल्ट आणि साल्व्ह एकाच पत्त्यात! हा मात्र जगभर खेळला गेला. २००६ च्या प्रो टूर होनोलुलूच्या उपांत्य फेरीत क्रेग जोन्सने ऑलिव्हिए रुएलविरुद्ध नेमका हाच पत्ता गड्डीवरून ओढून सामना मारला, लोक अजून तो क्षण सांगतात. त्या हेलिक्सने मिळालेल्या ३ लाइफबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.

अर्धाचहा

लाइफलिंकचं पण तसंच ना? आधी डॅमेज, मग लाइफ. म्हणजे शून्यावर गेलात की गेलात.

स्टॅकवाला

नाही. पूर्वी तसं होतं, २००९ ला नियम बदलला. आता लाइफलिंकचं लाइफ डॅमेजच्या सोबतच मिळतं, वेगळा ट्रिगर नाही. तुम्ही २ लाइफवर आहात, ४ डॅमेज अडवल्याविना आत येतंय आणि त्याच हल्ल्यात तुमचा आर्केंजल ऑफ थून (३/४, लाइफलिंक) ब्लॉक करतोय. २ वजा ४ अधिक ३, तुम्ही १ वर जिवंत. शिवाय आर्केंजलचा स्वतःचा ट्रिगर: लाइफ मिळालं म्हणून तुमच्या प्रत्येक क्रीचरवर काउंटर. पण वॉर्डन, अटेंडंट या ट्रिगरवाल्या, त्या डॅमेजच्या क्षणी वाचवायला येत नाहीत.

दोन लाइफलिंकवाल्यांनी एकदम मारलं तर प्राइडमेटला दोन काउंटर, हेही लक्षात ठेवा.

निवांत_काका

मी कमांडर खेळतो (मॅजिकचाच प्रकार, त्यात प्रत्येकाचा एक प्रमुख क्रीचर, तोच कमांडर), तिथे सुरुवातच ४० लाइफने. सेरा असेंडंट नावाचा १ मानाचा १/१ आहे, लाइफलिंकवाला. तुमचं लाइफ ३० किंवा जास्त असेल तर तो ६/६ होतो आणि उडतो. ४० वर बसलेल्या माणसाने पहिल्या टर्नला तो टाकला की टेबलावरचे बाकीचे तिघे खुर्च्या पुढे ओढतात. फेलिडार सॉव्हरिन तर अपकीपला (आपल्या टर्नच्या सुरुवातीला) ४० लाइफ असेल तर थेट जिंकवतो.

सांगायचा मुद्दा, लाइफ साठवून ठेवायचं तर ते कशावर तरी खर्च करणारा किंवा वटवणारा पत्ता डेकमध्ये हवा. काळेवाले नेक्रोपोटन्सवर १ लाइफ देऊन १ पत्ता घेतात, त्यांना लाइफ म्हणजे सुट्टे पैसे. आणि ३२ लाइफ असूनही दहा पॉयझन काउंटर झाले, किंवा कमांडरमध्ये एकाच कमांडरकडून २१ कॉम्बॅट डॅमेज खाल्लं, तर सगळं औषध वाया.

कैरीपन्हं

ठरलं मग. एंजल्स मर्सी तिन्ही बाहेर, साल्व्ह चारवरून दोन, ब्लेसिंग चारही साइडबोर्डला (डेकबाहेरचे राखीव पत्ते). त्या नऊ जागी ४ सोल्स अटेंडंट, ४ हीलर्स हॉक आणि चौथा प्राइडमेट. सुटे पत्ते मागवलेत. सेरा एंजल दोन ठेवू का? आणि ब्लेसिंग साइडबोर्डमधून कधी आत घ्यायचं?

भटक्या_नाशिककर

एंजल ठेवा, ४/४ उडणारी, गॉब्लिनना तिला अडवता येत नाही आणि एकट्या बोल्टने ती मरत नाही. पण लँड २४ जास्त होतील आता, बाकी सगळं १-२ मानाचंच आहे. २२ करा आणि त्या दोन जागी टाइमली रिइन्फोर्समेंट्स मिळतंय का बघा. समोरच्यापेक्षा तुमचं लाइफ कमी असेल तर ६ लाइफ, तुमचे क्रीचर कमी असतील तर तीन १/१ सैनिक. वॉर्डन टेबलावर असेल तर हे सैनिक काय करतात ते तुम्हीच मोजा.

ब्लेसिंग फक्त तेव्हा, जेव्हा समोरचा क्रीचर जवळपास न ठेवता नुसतं बोल्ट, स्कलक्रॅक असं अंगावर फेकत असेल. तिथे ५ लाइफ म्हणजे त्याचे जवळपास दोन पत्ते गेले. गॉब्लिनवाल्या दिरांसमोर नको. त्यांच्यासाठी कोर फायरवॉकर शोधा, लालपासून प्रोटेक्शन आहे, आणि कुणीही लाल स्पेल टाकला की तुम्हाला १ लाइफ घेता येतं.

स्टॅकवाला

अटेंडंट घेताय तर एक सूचना. वॉर्डनचं लाइफ सक्तीचं आहे, अटेंडंटवर "मिळवू शकता" असं लिहिलंय. म्हणजे दर क्रीचरला तोंडाने "घेतलं" म्हणा, नाहीतर दीर पुढच्या स्टेपला गेल्यावर मागचं मोजू देणार नाहीत.