शाळेची कौलारू इमारत निर्लेखनाला (सरकारी नोंदीतून कमी करून पाडायला) निघाली आहे, ठरावात काय लिहावं?

प्रश्न
कोकणातली जि. प. शाळा, इमारत लोकल बोर्डाच्या काळातली. जांभ्याचे चिरे, मंगळुरी कौलं, पुढे पडवी. दोन वर्ग गळतात, मागची भिंत फुगली आहे. निर्लेखनाच्या प्रस्तावावर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव व्हायचा आहे. नुसतं 'जुनी आहे' म्हणून कोणी ऐकणार नाही. वारसा म्हणून काय मांडावं? आणि दुरुस्ती होण्यासारखी आहे का?

जुनी_दप्तरं
आधी कपाट उघडा. जनरल रजिस्टरमधली पहिली नोंद कोणत्या सालची, पहिली मुलगी कधी दाखल झाली, कोणत्या वाडीतली मुलं कधीपासून येऊ लागली, हे तारखांसकट ठरावात घाला. जिल्हा परिषदा 1 मे 1962 ला आल्या, त्यामुळे त्याआधीची पानं लोकल बोर्डाची. काही मोडीत असतील, जाणकाराकडून वाचून घ्या. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा अशीच शाळांची रजिस्टरं उघडली गेली. साताऱ्याच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेबांचा प्रवेश झाला, ती रजिस्टरमधली एक ओळच आज अख्ख्या राज्याचा ठेवा आहे.

पानांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. पानन्‌पान फोटो काढून ठेवा. इमारत पाडताना पहिली हरवतात ती हीच बाडं.

चुना_आणि_चिरा
भिंत का फुगली ते आधी पाहा. बहुतेक ठिकाणी अंगणात भराव किंवा पेव्हर ब्लॉक घालून जमीन जोत्याला टेकवलेली असते. मग पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीत मुरतं. त्यावर सिमेंटचा गिलावा असेल तर ओल आत कोंडते, चिरा भुगा होऊ लागतो आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. भराव काढा, चर खणून पाणी लांब न्या, सिमेंट खरवडा. भिंत वाळल्यावर एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग वाळू असा गिलावा पातळ थरांत द्या आणि निदान आठवडाभर ओला ठेवा. हे काम पावसाळा संपल्यावरच.

वाशांची भिंतीत गेलेली टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. वाळवी तिथूनच चढते. टोक कुजलं असेल तर तेवढंच कापून नवीन लाकूड जोडता येतं. कैचीचा (छपराच्या तिकोनी लाकडी सांगाड्याचा) आडवा दांडा सुटला असेल तर छप्पर भिंतीला बाहेर रेटतं. तसं असेल तर भिंतीला हात लावण्याआधी टेकू द्या.

पत्रे मात्र घालू नका. पावसात शिक्षकांचा आवाज पोरांपर्यंत पोचत नाही. कौलं बदलताना जुनं कौल सोबत न्या, कारखाना वेगळा असेल तर खाचा जुळत नाहीत.

प्रश्नकर्ता
कौलांच्या मागे कारखान्याचा छाप आहे. त्यावरून इमारतीचं साल सांगता येईल?

चुना_आणि_चिरा
त्यावरून छपराचं वय कळतं, भिंतीचं नाही. शाकारणीत (छपराच्या डागडुजीत) कौलं बदललेली असतात. साल रजिस्टरवरून आणि जागेच्या बक्षीसपत्रावरून काढा.

जुनी_दप्तरं
ठरावात एक मागणी आवर्जून घाला: बांधकाम विभागाने कोणता भाग धोकादायक आहे ते खोलीनिहाय लेखी द्यावं. 'संपूर्ण इमारत' असा शेरा आला तर मोजमापं आणि फोटो मागा. तोवर मुलांना त्या दोन खोल्यांत बसवू नका.