आजोबांचे हाताने फिरवायचे ग्राइंडर: ओळख आणि किंमत

प्रश्न: माझे आजोबा सुतारकाम करीत. त्यांच्या पेटीत टेबलाच्या कडेला आवळून बसवायचे, हत्यारांना धार लावायचे बिडाचे ग्राइंडर सापडले असून, मूठ एकदा फिरवली की दगडाचे कितीतरी फेरे होतात. दगडावरील लेबलावरून त्याचे वय आणि किंमत ठरवता येईल का?

उत्तर: लेबलावर विसंबू नये, कारण दगड झिजतो आणि बदलला जातो, निर्मात्याचे नाव शोधायचे तर गिअरच्या पेटीवर बिडातच ओतलेली अक्षरे पाहावीत आणि त्यासाठी गंज ब्रशने हलकेच काढावा. दगड सुटा करून एखाद्या हत्याराच्या लाकडी मुठीने त्यावर हलका ठोका द्यावा. बद्द आवाज आला तर त्याला तडा गेलेला असण्याची शक्यता असते आणि असा दगड फिरवणे धोक्याचे आहे.

उत्तर: मूळ मूठ, गिअरचे शाबूत दाते आणि हत्यार टेकवायचा आधार असेल, तर संग्राहक चांगला भाव देतात, नवा रंग मात्र देऊ नका, त्याने मोल घटते. मी स्वतः ते विकले नसते, कारण हाताच्या वेगावर पटाशीची धार तापून निळी पडण्याची, म्हणजे पोलाद मऊ होण्याची, भीती विजेच्या ग्राइंडरपेक्षा पुष्कळ कमी असते.