तज्ज्ञ नसताना ॲफिलिएट ई-मेलमध्ये स्वतःची ओळख काय म्हणून करून द्यावी?

कोरीपाटी (प्रश्न)

नमस्कार. गेले सात महिने मी घरच्या घरी पॉडकास्टचे ध्वनिमुद्रण करते आहे. जे शिकत गेले ते टिपून ठेवण्याची सवय होती, त्यामुळे माझ्याइतक्याच नवख्या मंडळींसाठी आठवड्याला एक ई-मेल पाठवू लागले. यादीत आज २१४ जण आहेत. मी स्वतः विकत घेऊन वापरलेले दोन मायक्रोफोन आणि संपादनाचे एक सॉफ्टवेअर यांच्या ॲफिलिएट योजनांमध्ये (आपण दिलेल्या दुव्यावरून कोणी खरेदी केली की आपल्याला कमिशन देणाऱ्या योजना) मला नुकताच प्रवेश मिळाला, आणि नेमके तिथून पुढे माझे लिहिणे अडले आहे.

अडचण स्वागताच्या मेलमध्ये आहे. पहिल्या मसुद्यात मी स्वतःला ‘ध्वनिमुद्रण सल्लागार’ म्हटले होते. तो वाचून माझी मलाच लाज वाटली, कारण आजवर एकाही माणसाने माझा सल्ला घेतलेला नाही. दुसऱ्या मसुद्यात ‘मी काही तज्ज्ञ नाही’ हे वाक्य चार वेळा आले, तो मैत्रिणीला दाखवला तेव्हा ती म्हणाली, “मग मी हे वाचू तरी कशाला?” तिसऱ्यात ‘आम्ही’ आणि ‘आमचा चमू’ असे शब्द आले, आणि चमूत तर मी एकटीच आहे.

त्यात भर म्हणजे सॉफ्टवेअरच्या कंपनीने सात तयार मेल पाठवले असून ते भाषांतर करून यादीला धाडावेत असे सुचवले आहे. त्यातल्या एकात, हे सॉफ्टवेअर मी तीन वर्षे रोज वापरत आहे, अशा अर्थाचे वाक्य आहे. मी ते वापरू लागून पाचच आठवडे झाले आहेत. मूळ इंग्रजीत ते वाक्य कोणाच्याही तोंडी शोभले असते, पण मराठीत ‘वापरतो’ लिहायचे की ‘वापरते’ हे ठरवायची वेळ आली तेव्हा ते माझे वाक्य नाही हे लख्ख दिसले.

स्वतःविषयी नेमके किती आणि काय सांगावे, तयार मेलचे काय करावे आणि कमिशनचा उल्लेख कुठे करावा, याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

जुनेखाते

तुमच्या तिन्ही मसुद्यांत एकच चूक आहे असे मला वाटते. तिन्हींमध्ये तुम्ही स्वतःसाठी एखादे पद शोधत आहात. पहिल्यात मोठे पद, दुसऱ्यात पद नसल्याची माफी आणि तिसऱ्यात पद झाकण्यासाठी अनेकवचन. मायक्रोफोन विकत घ्यावा की नाही या विचारात पडलेल्या वाचकाला तुमच्या पदाशी काही कर्तव्य नसते. तुम्ही ती वस्तू किती काळ वापरली, कोणत्या खोलीत वापरली, तिने कुठे साथ दिली आणि कुठे दगा दिला, एवढे त्याला कळले की तुमच्या शब्दाला किती वजन द्यायचे ते तो स्वतः ठरवतो. ‘सल्लागार’ या शब्दाऐवजी ‘सात महिने, एकतीस भाग, पडदे नसलेली खोली आणि सुरुवातीचे सहा भाग घुमणाऱ्या आवाजामुळे वाया गेलेले’ असे लिहिले, तर खोटेपणाचा प्रश्नही उरत नाही आणि माफीचाही. (भागांचा आकडा मी अंदाजाने टाकला आहे, तुमचा खरा आकडा घाला, तो कमी असला तरी चालेल.)

याला कायद्याचीही एक बाजू आहे आणि ती नवख्यांच्या सोयीची आहे. जाहिरातीतील शिफारशींविषयी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची (ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेची) मार्गदर्शक तत्त्वे १९८० पासून आहेत; २००९ आणि २०२३ मध्ये त्यांत मोठ्या सुधारणा झाल्या. त्यांत साध्या वापरकर्त्याची शिफारस आणि तज्ज्ञाची शिफारस यांत स्पष्ट भेद केलेला आहे. जो स्वतःला वापरकर्ता म्हणवतो, तो शिफारस करतेवेळी खरोखर वापरकर्ता असला पाहिजे. जो तज्ज्ञ म्हणून पुढे येतो, त्याच्याकडे ते ज्ञान तर हवेच, शिवाय त्या क्षेत्रातला जाणकार ज्या कसोट्या लावील, त्या लावून त्याने वस्तू प्रत्यक्ष तपासलेलीही हवी. म्हणजे ‘तज्ज्ञ’ हा शब्द लिहून आपण पत वाढवत नाही, न पेलणारे ओझे तेवढे डोक्यावर घेतो. ई-मेलची यादी एकाच देशापुरती सहसा राहत नाही, म्हणून हे ध्यानात असलेले बरे.

माझा स्वतःचा अनुभवही सांगतो. पहिल्या वर्षी मी ‘आमच्या चाचणीत असे आढळले’ असे बेधडक लिहीत असे, आणि चाचणी म्हणजे इतरांची परीक्षणे वाचून काढलेला गोषवारा असे. एका वाचकाने अगदी सभ्यपणे विचारले, की चाचणी कोणत्या उपकरणावर घेतली आणि मोजमापे कुठे पाहायला मिळतील. मला दोन दिवस उत्तर सुचले नाही. शेवटी खरे काय ते लिहून कळवले आणि पुढच्या मेलमध्ये सगळ्या यादीलाही सांगितले. काहींनी नाव काढून घेतले. ज्या वस्तूची मी अशी न वापरता भलामण केली होती, ती बऱ्याच जणांनी मुदतीत परत केली आणि मिळालेले कमिशनही वजा झाले, ते वेगळेच.

दुसऱ्याची परीक्षणे वाचून लिहायला हरकत नाही. अनेकांना तेवढा गोषवारासुद्धा उपयोगी पडतो. मात्र ‘हे मी वापरलेले नाही, वीस परीक्षणे वाचून लिहीत आहे’ हे त्याच परिच्छेदात यायला हवे. उंटावरून शेळ्या हाकायच्याच असतील तर निदान आपण उंटावर बसलो आहोत हे शेळ्यांना कळू द्यावे.

रेघोटी

जुनेखाते यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे. मात्र ‘मी तज्ज्ञ नाही’ या वाक्याविषयी थोडे अधिक बोलायला हवे, कारण इतरांच्या अशा मेलचे संपादन करताना मला ते वाक्य वारंवार खोडावे लागते. प्रत्येक मेलमध्ये ते आले की त्याचे दोनच अर्थ उरतात. एक तर ती विनयाची सवय असते, आणि वाचक तिसऱ्या वेळेपासून ते वाक्य वाचतच नाही. नाहीतर ती पळवाट असते, म्हणजे ‘घ्या म्हणून मी सांगितले खरे, पण फसलात तर मला बोल लावू नका.’ हा दुसरा प्रकार मला तज्ज्ञपणाचा आव आणण्याइतकाच अप्रामाणिक वाटतो. शिफारस केली की तिची जबाबदारी आली. कमिशन घेतले की ती दुप्पट झाली.

म्हणून आपली मर्यादा स्वागताच्या मेलमध्ये एकदाच सांगावी आणि नंतर ती जिथे प्रत्यक्ष आड येते, त्याच वाक्यात सांगावी. ‘दोन माणसांची मुलाखत या मायक्रोफोनवर कशी येते ते मी पाहिलेले नाही, कारण माझे सगळे भाग एकटीचे आहेत’ हे वाक्य वाचकाच्या कामाचे आहे.

तयार मेलविषयी माझा नियम कडक आहे. त्यांतले प्रथमपुरुषी प्रत्येक वाक्य काढून टाकायचे. उरलेल्या मजकुरात हमीचा काळ, कोणत्या संगणकावर चालते, परतीची अट असे काही तपशील असतील, तर ते कंपनीच्या पानावर पडताळून स्वतःच्या शब्दांत लिहायचे. बाकीचा मजकूर सोडून द्यायचा, कारण तोच मजकूर इतर शेकडो जण आपापल्या यादीला पाठवत असतात आणि दोन याद्यांवर नाव असलेल्या वाचकाला ‘मी’ म्हणणारी दोन माणसे शब्दाला शब्द जुळवून बोलताना दिसतात. तुमचे ‘वापरतो की वापरते’ हे निरीक्षण मी माझ्या टिपणवहीत लिहून ठेवले आहे.

अशा मेलमध्ये आणखी दोन गोष्टी हमखास आढळतात. पहिली म्हणजे ‘आज रात्री संधी संपणार’ ही घोषणा. ती खरोखर संपणार आहे का हे विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये. दुसरी म्हणजे कोणाच्या तरी असामान्य यशाची कथा आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत ‘सर्वांना असेच फळ मिळेल असे नाही’. वर उल्लेख आलेल्या तत्त्वांमध्ये २००९ च्या सुधारणेपासून एवढ्या तळटिपेवर सुटका होत नाही. सामान्य माणसाने काय अपेक्षा ठेवावी हे उघड सांगावे लागते. तळटीप नसती तरी ती कथा तुमची नाहीच, त्यामुळे ती तुमच्या मेलमध्ये असण्याचे कारण दिसत नाही.

टपालखाना

मी फक्त कमिशनच्या उल्लेखाविषयी आणि पाठवण्याच्या बाजूविषयी लिहितो.

स्वागताच्या मेलमध्ये एकदा सांगितले म्हणजे झाले, असे बरेच जण मानतात. ते पुरेसे नाही. मेल पुढे धाडले जातात, कोणी सहा महिन्यांनी यादीत येतो, कोणी पहिला मेल न उघडताच पुसून टाकतो. ज्या मेलमध्ये लिंक आहे, त्याच मेलमध्ये, शिफारशीजवळ आणि लिंकच्या आधी उल्लेख हवा. अगदी तळाशी, नाव काढून टाकण्याच्या दुव्याशेजारी करड्या अक्षरांत लिहिणे म्हणजे ताकाला जाऊन भांडे लपवणे होय. शिवाय ‘ॲफिलिएट लिंक’ हे दोन शब्द आपल्या धंद्यातल्या लोकांनाच कळतात. ‘या दुव्यावरून तुम्ही खरेदी केली तर मला कमिशन मिळते’ हे वाक्य कोणालाही कळते. ‘तुम्हाला एक पैसाही जास्त पडत नाही’ ही पुरवणी मात्र ती खरी असल्याची खात्री करूनच जोडावी.

योजनांचे स्वतःचे नियमही वाचावेत. ॲमेझॉनसारखी योजना उल्लेखाचे ठरावीक वाक्य मागते, आणि ई-मेलमध्ये लिंक देण्याविषयी प्रत्येक योजनेच्या अटी वेगळ्या असतात.

पाठवणाऱ्याच्या नावात ‘चमू’ नको, तुमचेच नाव असू द्या. अमेरिकेचा व्यापारी ई-मेलविषयीचा २००३ चा कॅन-स्पॅम कायदा पाठवणाऱ्याची खोटी ओळख आणि दिशाभूल करणारा विषय या दोन्हींना मनाई करतो, मेलमध्ये टपालाचा पत्ता मागतो आणि नाव काढण्याची विनंती कामकाजाच्या १० दिवसांत पाळायला लावतो. जीमेलने तर फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही ओळखखुणा (मेल खरोखर त्याच पाठवणाऱ्याकडून आला आहे हे पडताळणाऱ्या तांत्रिक नोंदी) सक्तीच्या केल्या असून स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवायला सांगितल्या आहेत. तुमची २१४ जणांची यादी तिन्ही खुणांच्या सक्तीत बसत नाही, पण या गोष्टी आताच करून ठेवणे सोपे आहे.

आणखी एक. उल्लेख वर घेतल्यावर मेल उघडण्याचे प्रमाण घटले का, हे पाहत बसू नका. २०२१ मध्ये ॲपलने मेलमधील खासगीपणाची सोय आणल्यापासून वाचकाने न उघडलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जाऊ शकतो, त्यामुळे तो आकडा भरवशाचा राहिलेला नाही. लिंकवर किती जण गेले आणि किती जणांनी उत्तर लिहिले, तेवढे पाहा.

कोरीपाटी

सर्वांचे मनापासून आभार. तयार मेल मी बाजूला ठेवले आहेत. स्वागताच्या मेलचा नवा मसुदा असा आहे:

“मी सात महिन्यांपासून घरी एकटीने पॉडकास्ट करते. आजवर २३ भाग झाले. त्यातले पहिले चार खोलीच्या घुमण्यामुळे मी काढून टाकले. ध्वनिमुद्रणाचे शिक्षण मी घेतलेले नाही. जे स्वतः विकत घेऊन वापरले त्याविषयीच मी इथे लिहिते, आणि केवळ वाचून लिहिले असेल तर तिथेच तसे सांगते. काही मेलमध्ये खरेदीचे दुवे असतील. त्यांवरून तुम्ही वस्तू घेतली तर मला कमिशन मिळते. ज्या मेलमध्ये दुवा असेल, त्यात हे पुन्हा लिहिलेले दिसेल.”

एक शंका उरली आहे. कालच एका वाचकाने विचारले, की चार माणसांच्या चर्चेसाठी कोणता ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन संगणकाला जोडणारे उपकरण) घ्यावा. मी चार जणांचे ध्वनिमुद्रण कधी केलेले नाही. त्या इंटरफेसची ॲफिलिएट योजना मात्र आहे, आणि कमिशनही बरे आहे.

जुनेखाते

मसुदा चांगला आहे. ‘जे स्वतः विकत घेऊन वापरले’ हे वाक्य तेवढे जपा, कारण पुढे एखादी कंपनी वस्तू फुकट पाठवील आणि त्या दिवशी हे वाक्य खोटे ठरेल. तेव्हा ती फुकट मिळाल्याचेही तिथेच लिहावे लागेल.

वाचकाला लिहा, की चार जणांचे काम तुम्ही केलेले नाही. चार मायक्रोफोन जोडायला तितक्याच मायक्रोफोन-जोडण्या लागतात आणि दोन जोडण्यांचा इंटरफेस पुरत नाही, एवढे तुम्हाला खात्रीने ठाऊक आहे, तेवढे सांगा. त्यापुढचे विचारायला असे काम प्रत्यक्ष करणाऱ्या कोणाचे तरी नाव द्या. या उत्तरात लिंक घालू नका. तो वाचक परवानगी देत असेल, तर पुढच्या आठवड्याच्या मेलमध्ये हाच प्रश्न सगळ्या यादीला विचारा. २१४ जणांत कोणी ना कोणी चौघांचे ध्वनिमुद्रण करत असेल.

कोरीपाटी

त्याला आज असेच लिहिले. ‘विकत घेऊन’ या शब्दांखाली रेघ मारून ठेवली आहे.