जनुकीय चाचणी: कळून घ्यायचं नाही असं ठरवणं चूक आहे का?

उंबरठा
आई किंवा वडिलांना हंटिंग्टन आजार (मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट करणारा आनुवंशिक आजार) असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते, आणि रक्ताच्या एका चाचणीत ते कळतं. तरी धोका असलेले बरेचसे लोक चाचणी करत नाहीत म्हणे. फक्त औषध नाही म्हणून? आणि 'मला कळायला नको' असं डॉक्टरांना सांगता येतं का? घरबसल्या थुंकी पाठवून करायच्या चाचण्यांनाही हेच लागू होतं का?

तिरपी रेघ
आजार थांबवणारं औषध नाही हे मुख्य कारण, पण एकच नव्हे. 1993 मध्ये जनुक सापडण्याआधी विचारलं तेव्हा बहुसंख्य लोक 'चाचणी करू' म्हणत होते. प्रत्यक्षात बहुतेक देशांत पाव हिस्सा लोकही पुढे आले नाहीत.

चौथ्या गुणसूत्रावरच्या या जनुकात डीएनएची 'सीएजी' ही तीन अक्षरं लागोपाठ किती वेळा येतात ते मोजतात. 26 पर्यंत काळजी नाही. 40 किंवा जास्त असतील तर पुरेसं आयुष्य मिळाल्यास आजार होणारच. 36 ते 39 मध्ये होईलही, होणारही नाही. 27 ते 35 असतील तर स्वतःला सहसा त्रास नसतो, पण पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो, विशेषतः वडिलांकडून गेला तर. म्हणजे हो की नाही ऐकायला गेलेला माणूस 'कदाचित' घेऊन परत येऊ शकतो. आकडा मोठा तितकी सुरुवात लवकर असा कल आहे खरा, पण त्यावरून एखाद्याला नेमकं वर्ष सांगता येत नाही.

मोजपट्टी
'कळायला नको' हा पळपुटेपणा अजिबात नाही. युनेस्कोच्या 1997 च्या मानवी जनुकसंचविषयक जाहीरनाम्यात, कलम 5 मध्ये, निकाल जाणून घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिलेला आहे. हंटिंग्टनसाठी नीट चालणाऱ्या केंद्रात आधी समुपदेशन, मग विचाराला वेळ, मग रक्त, आणि निकाल समोरासमोर, शक्यतो सोबत जवळचं माणूस असताना. रक्त दिल्यावरही 'निकाल नको' म्हणता येतं. लक्षणं नसलेल्या अल्पवयीनांची ही चाचणी करत नाहीत.

गुंता होतो तो घरात. आजोबांना आजार आहे, वडिलांना स्वतःचं कळून घ्यायचं नाही आणि नातीला हवं आहे. नातीचा निकाल 'आहे' आला की वडिलांचा आपोआप लागला. जुळ्यांपैकी एकाने केली तर, एकसारखी जुळी असल्यास, दुसऱ्याचंही तेच. म्हणून घरात बोलणं रक्त देण्याआधी व्हायला हवं. विम्याचं काय ते तपासणंही आधीच. निकाल हातात आल्यावर फॉर्मवरच्या प्रश्नाला खोटं उत्तर देता येत नाही.

उंबरठा
पण मूल हवं असेल तर? तेव्हा तरी कळून घ्यावंच लागेल ना?

मोजपट्टी
नाही. आयव्हीएफमध्ये (टेस्ट-ट्यूब बाळाच्या उपचारात) 'वगळणी चाचणी' असते. गर्भात चौथ्या गुणसूत्राचा तो भाग आजारी आजोबांकडून (किंवा आजीकडून) आलाय की त्यांच्या निरोगी जोडीदाराकडून, म्हणजे दुसऱ्या आजी-आजोबांकडून, एवढंच पाहतात. आजारी बाजूचे गर्भ वापरत नाहीत. आईवडिलांचा स्वतःचा निकाल झाकलेलाच राहतो. किंमत ही, की दोष आईवडिलांपर्यंत मुळात आलेलाच नसेल तर चांगले गर्भही बाजूला पडतात.

चकमक
हे तत्त्व सरसकट लावू नका. कसोटी एकच: कळल्यावर करण्यासारखं काही आहे का? बीआरसीए 1 या जनुकातला दोष (स्तन आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा) कळला तर स्तनांची एमआरआय तपासणी लवकर सुरू करता येते, बीजांडकोश काढण्याचा पर्याय असतो. मोठ्या आतड्यात शेकड्यांनी गाठी होणाऱ्या आनुवंशिक आजारात तर मुलांची तपासणीही रास्त, कारण दुर्बिणीची तपासणी 10-12 व्या वर्षापासून करायची असते. इथे न कळणं महागात पडतं. उलट टोकाला एपीओई हे जनुक: अल्झायमरची शक्यता सांगतं, खात्री नाही. डीएनएच्या रचनेचे सहशोधक जेम्स वॉटसन यांनी 2007 मध्ये स्वतःचा जनुकसंच जाहीर केला, तोही एपीओईचा भाग वगळून!

थुंकीच्या किटबद्दल: त्यातली नेहमीची चिप डीएनएतली ठरावीक ठिकाणंच वाचते, तिला सीएजी मोजता येत नाहीत, त्यामुळे हंटिंग्टनबद्दल ते काही सांगत नाही. बीआरसीएचेही मोजकेच बदल तपासतात, म्हणून 'आढळलं नाही' म्हणजे सुटलो असं नाही. किटमधून मिळालेली डीएनएची कच्ची फाइल दुसऱ्या साइटवर टाकून निघालेला 'धोका' तर पुष्कळदा खोटा ठरतो. वैद्यकीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासल्याशिवाय त्यावर काहीही करू नका. आणि नातेवाईक जुळवणीचा पर्याय नमुना पाठवण्याआधी बघा. वडील वेगळे निघाल्याचं लोकांना तिथेच कळतं, आणि ते कळण्यासाठी कुणी किट मागवलेलं नसतं.