मदत हवी आहे: थंडीमुळे बेट्टा सुस्तावलाय, हीटर आणि टाकीबद्दल सल्ला द्या

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे एक नर बेट्टा आहे, म्हणजे आपला फायटर. गडद निळा, लांब शेपटीचा. ज्यांनी तो दिला त्यांनी काचेच्या गोल भांड्यासकटच दिला. भांड्यात जेमतेम चार लिटर पाणी मावतं. फिल्टर नाही, हीटर नाही.

थंडी पडायला लागल्यापासून त्याचं लक्षण ठीक दिसत नाही. एरवी मी जवळ गेले की लगेच काचेपाशी यायचा. आता बराच वेळ तळाला टेकून असतो, पर अंगाशी मिटलेले. दाणा तोंडात घेतो आणि परत टाकतो. हवा घ्यायला मात्र वर येतो. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, सोनेरी भुकटीसारखा थर नाही, परांच्या कडाही झडलेल्या नाहीत. पाण्याचं तापमान पाहिलं तर दुपारी 23 अंश आणि पहाटे 18.

नवी टाकी घ्यायची तयारी आहे, पण ती लागेपर्यंत या भांड्यातच छोटा हीटर सोडला तर चालेल का? टाकी किती लिटरची आणि हीटर किती वॉटचा घ्यावा? फिल्टरच्या प्रवाहाने लांब परांचा मासा दमतो असं ऐकलंय, ते खरं का? आणि आत्ता काही औषध द्यायला हवं का? जीव लागलाय त्याच्यावर, कृपया लवकर सांगा.

जलवेडा:
औषध अजिबात घालू नका. तुम्ही वर्णन केलंय ते गारठलेल्या बेट्टाचं चित्र आहे. माशाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पाणी जेवढं उबदार, तेवढंच त्याचं अंग. पाणी थंड झालं की पचन मंदावतं, प्रतिकारशक्ती घटते, म्हणून तो दाणा टाकतो. त्याला 24 ते 28 अंश मानवतात, 26 धरून चाला. आणि 18 ते 23 अशी रोजची चढउतार तर त्याला आणखी जड जाते.

चार लिटरच्या भांड्यात हीटर नको. एवढं कमी पाणी झटकन तापतं आणि झटकन निवतं, थर्मोस्टॅट जरा चुकला तरी मासा भाजून निघेल. निदान 20 लिटरची टाकी घ्या, उंच नको, लांबट घ्या. बेट्टाला वारंवार पृष्ठभागावर यावं लागतं, त्यामुळे उथळ आणि पसरट जागा बरी. टाकीला झाकण हवंच. उघड्या पाण्याची ऊब वरूनच जाते, शिवाय हा मासा उडी मारण्यात पटाईत.

हीटर ढोबळ मानाने लिटरला एक वॉट, म्हणजे 25 वॉटचा. खोली फारच गार पडत असेल तर 50 वॉटचा घ्या. तापमान ठरवता येणारा, स्वतःहून बंद-चालू होणाराच घ्या. त्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, टाकीच्या दुसऱ्या टोकाला वेगळा थर्मामीटर लावा.

शेवाळ:
गारठ्याबद्दल सहमत, पण चार लिटर आणि फिल्टर नाही म्हटल्यावर मला अमोनियाचीही शंका येते. विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. जुन्या, बसलेल्या टाकीत जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. तुमच्या भांड्यात हे जिवाणू पुरेसे नसणार. टेस्ट किटने तपासा: अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. अमोनियानेही मासा असाच पर मिटून बसतो, त्यामुळे नुसतं पाणी गरम करून भागेल असं समजू नका.

बेट्टा वाटीतही मजेत राहतो हा समज कुठून येतो तेही सांगते. तो डोक्यातल्या लॅबिरिंथ नावाच्या अवयवाने थेट हवेतून ऑक्सिजन घेतो, म्हणून खराब पाण्यात लगेच मरत नाही. तो तग धरतो एवढंच. तो मूळचा जिथला, त्या थायलंडकडच्या भातखाचरांत आणि दलदलीत पाणी उथळ असलं तरी पसरलेलं आणि उबदार असतं, झाडोऱ्याने भरलेलं असतं.

फिल्टरच्या प्रवाहाचं तुम्ही ऐकलंय ते बरोबर आहे. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर घ्या, हवा कमी ठेवा. स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळा.

मूळ धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. किटने पाहिलं, अमोनिया 0.5 दाखवतंय. 20 लिटरची टाकी, 25 वॉटचा हीटर आणि स्पंज फिल्टर मागवलाय. टाकी यायला थोडा वेळ आहे, तोवर काय करू? आणि नव्या टाकीत जिवाणू तयार व्हायला महिनाभर लागतो म्हणतात, तेवढं थांबणं तर शक्य नाही.

शेवाळ:
थांबू नका, त्याला नव्या टाकीतच हलवा. जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतील, तोवर किट हाताशी ठेवा आणि अमोनिया किंवा नायट्राइट दिसला की पाव भाग पाणी बदला. कोणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, काम फार लवकर होतं.

तोवर भांड्यातलं पाव भाग पाणी रोज बदला. नव्या पाण्यात क्लोरीन मारणारं द्रावण घाला आणि ते भांड्यातल्या पाण्याइतकंच कोमट करून घ्या. खाणं एक-दोन दिवस बंद ठेवलं तरी बिघडत नाही. मग एकदोन दाणेच द्या, उरलेले लगेच काढा.

जलवेडा:
भांडं खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब, घरातल्या उबदार खोलीत ठेवा. रात्री बाजूंनी जाड कापड गुंडाळा, तोंड पूर्ण झाकू नका, त्याला हवा लागते. दिव्याने ऊब द्यायला जाऊ नका, रात्रीचा अंधार त्याला हवा असतो.

टाकी आली की तापमान एकदम 26 वर नेऊ नका. सुरुवातीला भांड्यातल्या पाण्याइतकंच ठेवा आणि दिवसभरात हळूहळू चढवा.

मूळ धागाकर्ती:
कापड गुंडाळलं, खोलीही बदलली. शेवटची शंका: हीटर उभा लावू की आडवा?

जलवेडा:
पूर्ण बुडणारा असेल तर तळाजवळ आडवा किंवा तिरपा, फिल्टरच्या शेजारी, म्हणजे ऊब सगळीकडे फिरेल. त्यावर पाण्याच्या पातळीची खूण असेल तर पाणी त्याखाली जाऊ देऊ नका. पाणी बदलायच्या पंधरावीस मिनिटं आधी प्लग काढा. तापलेली काच उघडी पडली की तडकते. बेट्टा हीटरला टेकून झोपतो, म्हणून त्यावर जाळीदार कव्हर घाला. आणि पृष्ठभागाजवळ एक रुंद पानाचं झाड असू द्या, अनुबियास चालेल. त्याला टेकायला जागा मिळेल.