वादळात वाहून आलेली होडी पुळणीवर लागली आहे, मशीन काढून घेतलं तर चालतं का?

पुळणीवरचा_बाळा
नमस्कार मंडळी, गाव दापोली तालुक्यात, घर किनाऱ्यालाच. परवा रात्री जो वारा सुटला त्यात एक फायबरची होडी आमच्या पुळणीवर येऊन लागली, आत माणूस नाही, जाळं अर्धं पाण्यात लोंबतंय, मागचं आऊटबोर्ड मशीन मात्र जागेवर. अजून एक भरती गेली असती तर खडपावर फुटलीच असती. माझा चुलतभाऊ आणि तीन पोरं छातीभर पाण्यात उतरली, दोर लावला, ट्रॅक्टरने वर ओढली, एकाचा हात कोपरापर्यंत सोलवटलाय. आता पोरं म्हणतात दर्याने दिलं ते आपलं, मशीन उतरवून विकू. वाडीतली जुनी माणसंपण म्हणतात पूर्वीपासून असंच चालत आलंय. मला पटत नाहीये, पण कायदा माहीत नाही म्हणून ठाम बोलता येत नाही, आणि पोरांनी जीव धोक्यात घातला त्याचं काहीच मिळू नये हेही बरोबर वाटत नाही. नाळेवरचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरचा, नंबर खरवडलाय. जरा लवकर सांगा, आज रात्रीच मशीन काढायचं चाललंय.

कोर्टाची_पायरी
मशीनला हात लावू देऊ नका. सापडली म्हणून होडी तुमची होत नाही. मालक शोधायची सोय असताना न शोधता वस्तू वापरली किंवा विकली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागतं (जुनं आयपीसी ४०३), किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं आणि दंड. सांभाळून ठेवायला, परत द्यायला म्हणून ओढून आणली तर गुन्हा नाही, म्हणजे पोरांनी आत्तापर्यंत जे केलं ते चांगलंच केलंय.
१९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात अशा मालासाठी सरकारने नेमलेला रिसीव्हर असतो, सापडलेला माल त्याच्या ताब्यात द्यायचा आणि मालकाला दावा करायला एक वर्ष मिळतं. २०२५ मध्ये संसदेने नवा मर्चंट शिपिंग कायदा केलाय, त्यामुळे आत्ता काय लागू आहे ते बंदर खात्याच्या ऑफिसात विचारून घ्या. आणि एक बघा, जुन्या व्याख्येत सोडून दिलेली बोट म्हणजे परत मिळायची आशा किंवा इरादा नसताना टाकलेली. दोर तुटून वाहून गेलेली होडी त्यात बसवणं कठीण आहे. तुमच्या होडीचा दोर बघा, कापलाय की झिजून तुटलाय?
पोरांच्या पैशांचं म्हणाल तर तो हक्क आहेच. कॉन्ट्रॅक्ट कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे सापडलेली वस्तू सांभाळायला आणि मालक शोधायला जो खर्च नि त्रास झाला तो मिळेपर्यंत वस्तू धरून ठेवता येते, फक्त बक्षीस जाहीर झालेलं नसेल तर त्या खर्चासाठी दावा लावता येत नाही. ट्रॅक्टरचं भाडं, डिझेल, हाताला लागलं त्याचा दवाखाना, सगळं लिहून ठेवा.

गाबताची_लेक
दादा, फयान वादळ आलं तेव्हा, नोव्हेंबर २००९, आमची होडी अशीच नांगर तोडून गेली. बाबा सुखरूप होते म्हणून आई देवाला नारळ देऊन मोकळी झाली, होडीचं नंतर बघू म्हणाली. बाराव्या दिवशी कळलं की दुसऱ्या एका बंदराजवळ आहे. बाबा गेले तर नुसती होडी. मशीन नाही, जाळी नाही, पाण्याचा कॅनसुद्धा नाही, मशीन बसवायच्या फळीला पान्याचे ताजे ओरखडे. तिथले लोक म्हणाले आम्ही फुटण्यापासून वाचवली. वाचवली हे खरंच होतं, बाबांनी त्यांना हातपण जोडले. पण त्या वर्षी ते दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेले, आणि पुढची तीन वर्षं जातच राहिले.
सरकारी मदतीवर कुणाचं भागत नाही हो. २०१५-२० च्या आपत्ती निधीच्या निकषात पूर्ण गेलेल्या होडीला ९,६०० रुपये होते, आणि नवं मशीन घ्यायचं तर लाखावर जातं. मशीन गेलं की तो माणूस मालक राहत नाही, एवढं पोरांना सांगा.

आरमारप्रेमी
जुनी माणसं म्हणतात ते खोटं नाही. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील ऑक्झेंडन रायगडावर आला होता, फुटून किनाऱ्याला लागलेली जहाजं आणि माल परत मिळावा हे त्याच्या मागण्यांत होतं, आणि महाराजांचं उत्तर होतं की हे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, तुम्हाला दिलं तर फ्रेंच नि डचही मागतील. पण तो प्रश्न परदेशी व्यापाऱ्यांच्या जहाजांचा होता, राज्याच्या हक्काचा होता. शेजारच्या बंदरातल्या गरीब नाखव्याचं मशीन काढायला तो दाखला कुणी वापरू नये असं मला मनापासून वाटतं.
दुसरं म्हणजे सागरी पोलिसांना १०९३ वर आधी कळवा. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ रिकामी बोट आली त्यात एके-४७ निघाल्या होत्या. खराब हवामानात त्यातली माणसं आधीच वाचवली गेली होती आणि बोट एकटीच वाहत आली, घातपात काही नव्हता, पण ते कळेपर्यंत अख्खा जिल्हा हाय अलर्टवर. अनोळखी बोटीत काय असेल सांगता येत नाही.

पुळणीवरचा_बाळा
सगळ्यांचे आभार. रात्रीच पोरांना घेऊन गेलो, बॅटरी मारून दोर बघितला, टोक कापलेलं नाही, झिजून पिंजलंय, कापसासारखं सुटलंय. नाळेला नारळी पौर्णिमेचा हार अजून बांधलेला, सुकलेला. ताईंचं लिहिलेलं मी तिथंच मोठ्याने वाचून दाखवलं, चुलतभाऊ काही बोलला नाही, पाना ट्रॅक्टरच्या पेटीत टाकला आणि घरी गेला.
सकाळी नंबरावर ओलं फडकं फिरवलं तर शेवटचे तीन आकडे उमटले, मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरींनी तेवढ्यावरून चार ठिकाणी फोन लावले. मालक हर्णैच्या पलीकडचा निघाला, पोलिसांत त्याने आधीच कळवलं होतं. उद्या कागद घेऊन येतोय, पोलिसांसमोरच ताबा देणार. ट्रॅक्टर आणि दवाखान्याचे पैसे देतो म्हणाला, मागायच्या आधीच. फोनवर पहिलं विचारलं ते जाळं फाटलंय का.