म्युनिकहून पाच देश, स्वतः गाडी चालवत: आराखडा तपासून द्याल का?

गोदाकाठ
पुढच्या जूनमध्ये १५ दिवसांची रजा आहे. चार मोठे आणि दोन मुलं (वय ९ आणि ६). म्युनिकला उतरायचं, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटली, स्वित्झर्लंड करत पॅरिसला गाडी सोडायची आणि तिथून मुंबई. सात सीटची गाडी बघतोय, चालवणारे दोघं. व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा? नाशिकच्या आरटीओतून मिळणारं इंटरनॅशनल लायसन्स पुरेल का? आणि टोलचं नेमकं कसं असतं?

घाटवाट
आधी पॅरिस काढून टाका. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली की परतीचा खर्च कंपनी तुमच्याकडूनच वसूल करते, आणि तो कधीकधी भाड्याइतका होतो. म्युनिक ते म्युनिक अशी फेरी करा. रात्री अशा बसतात: म्युनिक २, साल्झबर्ग (ऑस्ट्रिया) २, ब्लेड (स्लोव्हेनिया) २, व्हेनिसजवळ मेस्त्रे (इटली) २, गार्डा तलाव (इटली) २, लुत्सर्न (स्वित्झर्लंड) ३ आणि शेवटी म्युनिक १. एकूण १४.

व्हिसा कुठला, याचं उत्तर याच आकड्यांत आहे. शेंगेन व्हिसा (या सगळ्या देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्याचा काढायचा; विमान कुठे उतरतं याला महत्त्व नाही. इथे इटलीच्या ४ रात्री होतात, जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या प्रत्येकी ३, म्हणून अर्ज इटलीकडे. मुक्काम सारखे असते तर पहिल्या प्रवेशाचा देश धरला असता. म्हणजे हॉटेलं ठरवताना एक रात्र इकडची तिकडे केलीत तर व्हिसाचा देशच बदलू शकतो. आधी रात्री पक्क्या करा, मग मुंबईच्या व्हिसा केंद्राची अपॉइंटमेंट घ्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाच्या मुलांना ४५. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, आणि तो सगळ्या शेंगेन देशांत चालायला हवा.

इंटरनॅशनल लायसन्ससाठी (म्हणजे परमिटसाठी) पेठ रोडच्या आरटीओत फॉर्म ४-अ, फी १,००० रुपये; सारथी पोर्टलवरून अर्ज भरता येतो. परमिट वर्षभर चालतं. मात्र त्याला एकट्याला किंमत नाही, सोबत मूळ लायसन्स कार्ड हवंच. मोबाइलमधलं डिजीलॉकर तिथे कोणी धरत नाही. चालवणारे दोघं असतील तर परमिटही दोघांची काढा, आणि दुसऱ्याचं नाव भाडेकरारात घाला. नाव नसताना त्याने गाडी चालवली आणि ठोकली, तर विमा हात वर करतो.

पांढरी पट्टी
टोलचं सांगतो. जर्मनीत कारला टोल नाही. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, स्वित्झर्लंड इथे विन्येट (ठरावीक मुदतीसाठी हायवे वापरायचा पास), आणि इटलीत आपल्यासारखे नाके.

ऑस्ट्रियाची सीमा ओलांडताना वाल्सरबर्ग ते साल्झबर्ग नॉर्ड हा ए१ हायवेचा तुकडा विन्येटशिवाय चालतो. साल्झबर्गहून हालश्टाट हे तलावकाठचं गाव बघायला गेलात तर बी१५८ रस्त्याने जा, तो हायवे नाही, त्यामुळे तिथेही काही लागत नाही. विन्येट लागतं ते साल्झबर्ग ते ब्लेड या एकाच दिवशी, म्हणून एक दिवसाचं डिजिटल विन्येट पुरतं. त्याच रस्त्यावर ए१० चे टाउएर्न-काट्शबर्ग बोगदे आणि पुढे काराव्हांकन बोगदा लागतो. या दोन्ही ठिकाणचा टोल विन्येटमध्ये धरलेला नसतो, तो वेगळा भरायचा.

डिजिटल विन्येट गाडीच्या नंबरवर निघतं, म्हणून गाडी ताब्यात आल्यावरच घ्या. नंबर टाकताना शून्य आणि ओ यांत गल्लत झाली की पैसे भरूनही दंड येतो. स्लोव्हेनियाचं आठवड्याचं घ्या, पण गाडीचा वर्ग तपासून: पुढच्या चाकावर उंची १.३० मीटर किंवा जास्त असेल तर २बी, नाहीतर २ए. मोठ्या व्हॅनला २ए काढणं ही तिथली नेहमीची चूक. स्वित्झर्लंडचं एकच मिळतं, वर्षाचं, ४० फ्रँक.

परतताना लुत्सर्नहून दीपोल्ड्साउ, होहेनेम्स, मग ए१४ ने ह्योरब्रांट्स असं या. होहेनेम्स ते सीमेपर्यंत विन्येट लागत नाही. मॅपमध्ये ब्लूडेन्झमार्गे दाखवलं तर मात्र लागेल.

इटलीत शिरताना तिकीट घ्या, बाहेर पडताना पैसे. फक्त टेलिपास (तिथला फास्टॅग) लिहिलेल्या पिवळ्या लेनमध्ये जाऊ नका. गेलातच तर गाडी रिव्हर्स घेऊ नका. मदतीचं बटण दाबा, पावती मिळते, ती १५ दिवसांत भरता येते.

पंचवटीकर
सात सीटची गाडी सहा जणांना पुरत नाही, हे फोटोवरून कळत नाही. तिसरी रांग उभी केली की डिकीत दोन-तीन केबिन बॅगा मावतात, बस. नऊ सीटची व्हॅन घ्या. चालकासह नऊ जण आणि साडेतीन टनांपर्यंत साधं कारचं लायसन्स चालतं. बुकिंग करताना ऑटोमॅटिक स्पष्ट निवडा, नाहीतर गिअरची मिळेल आणि गिअर उजव्या हाताला. डिपॉझिट मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच अडकवतात, फॉरेक्स कार्ड बहुतेक काउंटरवर नाकारतात. पहिल्या दोन रात्री म्युनिकमध्ये गाडी घेऊच नका, साल्झबर्गला निघायच्या सकाळी घ्या: झोप भरून निघते आणि पार्किंगही वाचतं. मुलांच्या सीटही आधीच सांगून ठेवा. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये १२ वर्षं किंवा १५० सेंटिमीटर होईपर्यंत त्या सक्तीच्या आहेत.

गोदाकाठ
पॅरिस रद्द. रात्री तशाच ठेवतो. व्हॅन घेतली तर इटलीतल्या गावांत पार्किंगचं काय?

घाटवाट
व्हॅन जुन्या गावात नेऊच नका. इटलीच्या जुन्या पेठांत झेडटीएल (परवाना असलेल्या गाड्यांनाच प्रवेश असलेला भाग) असतो: पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ, वर कॅमेरा. परवान्याशिवाय आत गेलं की दंड, आणि तुमचं नाव-पत्ता तिथल्या पोलिसांना कळवण्यासाठी गाडीची कंपनी वेगळी फी लावते. प्रत्येक वेळी आत शिरलात की नवा दंड. व्हेनिससाठी गाडी मेस्त्रे स्टेशनजवळ ठेवा, ट्रेनने दहा मिनिटं. तळघरातल्या पार्किंगची उंची बऱ्याचदा १.९० ते २.१० मीटर असते, व्हॅनची उंची करारावर बघून ठेवा.

पट्ट्यांचे रंग देशागणिक बदलतात. इटलीत पांढरी फुकट, निळी पैसे भरून, पिवळी राखीव. स्वित्झर्लंडमध्ये निळ्या पट्टीला पार्किंगची निळी चकती (आल्याची वेळ दाखवणारी, काचेमागे ठेवायची) लावतात आणि पांढरीवर सहसा मीटर असतो. जर्मनीत ती चकती पुढच्या अर्ध्या तासावर लावायची: १०:१० ला आलात तर काटा १०:३० वर. खरी वेळ लावली तर उलट वेळ वाया जाते.

पांढरी पट्टी
सामानाचं एक: चिवडा, बेदाणे चालतात, पण पेढे, खवा, तूप, मांस नको. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे, कस्टम्सवर काढून घेतात. ताजी द्राक्षंही नकोत.